लेप वाळेपर्यंत

टॉवेल धुतलेले होते, वाळलेले होते आणि त्यांच्या घड्याही झालेल्या होत्या. तरी ताईंनी त्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. ताईंच्या भिंतींना नुकताच रंग दिलेला होता, म्हणून त्यांनी टॉवेल धरले होते.

त्यांचं पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मोठा आरसा, एक बेसिन आणि एक वर-खाली होणारी खुर्ची. वर होणं तिने अलीकडे सोडून दिलं होतं. पार्लरच्या आधी या खोलीत ताईंच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. गल्ली त्यांना फोटोवाले म्हणायची, आणि धंदा बुडाला तरी नाव तरंगत राहिलं. ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आल्यावर त्यांनी मागच्या डार्करूममधले ट्रे धुऊन ताईंच्या हवाली केले, आणि ताईंनी तिथे वॅक्सचं भांडं ठेवलं. थोडक्यात, या खोलीत माणसांच्या चेहऱ्यावरचे डाग आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने घालवले जात, नंतर क्रीमने. दोन्ही वेळा डाग माणसाबरोबर मुकाट्याने घरी परत जात.

आता समोरच्या इमारतीत काचेच्या दाराचं स्किन क्लिनिक आलं होतं. तिथे मशीन होतं. मशीन काय करतं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ते करताना ‘टिंग’ असा आवाज यायचा. ताईंच्या हातातल्या दोऱ्यातून तसा काही आवाज येत नसे. गिऱ्हाईक एकेक करून रस्ता ओलांडून गेलं आणि परतताना दुसरीकडे बघत गेलं.

फोन वाजला. लेकीचा होता.

“आई, मी शनिवारी येतेय. तुला न्यायला.”

“न्यायला? मी काय विसरलेली छत्री आहे?”

“किती वेळा तेच बोलायचं, आई? पार्लरमध्ये आहेच कोण? माशा! इकडे जुळी आता चालायला लागलीयेत. एक या दिशेला जातं, दुसरं त्या. मी मध्ये. तू आलीस तर निदान एका दिशेला कोणीतरी असेल.”

“गिऱ्हाईक असतं गं मला.”

“असतं? मग ठीक. शनिवारी दुपारी मी आले आणि खुर्चीत कोणी बसलेलं दिसलं, तर विषय बंद. पुन्हा नाव काढणार नाही. खुर्ची रिकामी असेल तर बॅग भरायची. कबूल?”

ताई “बरं” म्हणाल्या. ते कबुलीचं “बरं” नव्हतं. दमलेल्या माणसाला “नाही” म्हणायला जी ताकद लागते ती नसली की जे तोंडातून निघतं, ते होतं. पण लेकीने ते कबुलीत धरलं.

नातवंडांवर ताईंचं प्रेम नव्हतं असं नाही. होतं, आणि दोघांवर सारखं होतं. पण ताईंनी आधी धाकटी भावंडं वाढवली, मग स्वतःची लेक, मग अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि अधूनमधून फोटोवाले. आता त्यांच्या गुडघ्यांनी हात जोडले होते. पार्लर चालत नसेना का, पण “मला पार्लर आहे” हे वाक्य चालत होतं. ते वाक्य गेलं की बाई रिकामी. आणि रिकामी बाई म्हणजे चौकातला नळ. ज्याला तहान लागेल त्याने यावं आणि पिळावं.

तेव्हा शनिवारपर्यंत खुर्चीत माणूस बसवणं भाग होतं.

जिलेटिनची कल्पना त्यांना फोनवरच्या व्हिडिओतल्या एका बाईने दिली. या बाईचं वय बाविसेक असावं आणि तिला सुरकुती म्हणजे काय हे बहुधा चित्रातच माहीत होतं. ती हसत हसत सांगत होती, की जिलेटिन गार पाण्यात भिजवा, फुगलं की गरम पाण्यावर वाटी धरून पातळ करा, कोमट झालं की ब्रशने चेहऱ्यावर लावा. वाळेल तशी कातडी ताणून धरतं, मग एका फटक्यात सोलून काढा. मेलेली त्वचा, नाकावरचे काळे ठिपके, बारीक लव, सगळं त्याच्याबरोबर. आत ताजी टवटवीत तुम्ही.

ताईंनी केकचं सामान मिळतं त्या दुकानातून पुडा आणला. फोटोवाल्यांनी तो उघडून वास घेतला आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

“अगं, हे तर आमचं!”

“तुमचं कसं?”

“फिल्मवर, कागदावर हाच तर थर असायचा. जनावरांची हाडं न् कातडी उकळून काढतात. जन्मभर लोकांचे चेहरे मी यावरच तर चिकटवले.”

“बघा. आणि मी आता हे लोकांच्या चेहऱ्यांवर चिकटवणार.”

“पण याने सुरकुत्या जातात?”

“वाळेपर्यंत जातात.”

“आणि मग?”

“मग गिऱ्हाईक आपल्या घरी जातं.”

ठरलं असं, की लेप ताईंनी स्वतःच्याच चेहऱ्यावर लावायचा, आधी आणि नंतर असे दोन फोटो फोटोवाल्यांनी काढायचे आणि खिडकीत लावायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला. फोटोवाल्यांनी कपाटातून जुना कॅमेरा काढला, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि ताईंना खिडकीजवळ बसवून ‘आधी’चा फोटो काढला.

“हसू नकोस,” ते म्हणाले.

“कोण हसतंय?” ताई म्हणाल्या.

पहिला लेप घसरला. गरमी होती, पंखा जेमतेम फिरत होता, आणि जिलेटिनने गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यावर असा सावकाश प्रवास केला. ताईंनी तो पुसून काढला आणि मागच्या खोलीत आडव्या झालेल्या नवऱ्याला हाक मारली.

“अहो, हे थांबत नाहीये. घसरतंय.”

फोटोवाले अर्धे झोपेत होते. पण चाळीस वर्षांची सवय झोपत नाही. उन्हाळ्यात फोटोंचा थर पाण्यात विरघळायला लागला की ते एकच करत. डोळे न उघडता त्यांनी सांगितलं, “चिमूटभर तुरटी घाल. घट्ट बसेल.”

सल्ला अगदी बरोबर होता. तुरटीने जिलेटिन पक्कं होतं, मग ते गरम पाण्यालाही दाद देत नाही. फक्त फोटो कागदावरून पुन्हा सोलून काढायचा नसतो, एवढी किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. ताईंनी मनात म्हटलं, तुरटीने कातडी आवळते, हे तर कुठलाही दाढी करणारा पुरुष सांगेल. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. आणि चिमटीत काय मावतंय, म्हणून त्यांनी चमचा घेतला.

दुसरा लेप घसरला नाही. दुसरा लेप बसला. ताई खुर्चीत मान मागे टेकून पडल्या आणि कपाळ, गाल, हनुवटी अशा क्रमाने आपला चेहरा आपल्या हातून जातोय हे त्यांना कळत गेलं. आधी बरं वाटलं. मग घट्ट वाटलं. मग वाटलं, की आतून कोणीतरी दोन्ही कानांकडे चेहरा ओढतंय आणि गाठ मारतंय. त्यांनी कडेला नख घातलं. नख सरकलं, लेप नाही. गरम पाण्याचा हात फिरवला. लेपाने पाणी झटकून टाकलं.

“म्म,” ताई म्हणाल्या.

फोटोवाले कॅमेरा घेऊन आले. “झालं? ‘नंतर’चा घेऊ?”

“म्म! म्म!”

“वा, काय चमकतोय चेहरा!” असं म्हणून फोटोवाल्यांनी फोटो काढला. मग ताईंचे डोळे पाहिले. लग्नाला बरीच वर्षं झालेली असल्यामुळे ते डोळे त्यांना वाचता येत होते. त्यांनी वाटीत बोट घातलं, बोट चाखलं आणि ते खाली बसले.

“किती घातलीस?”

ताईंनी चमचा दाखवला.

“बापरे,” फोटोवाले म्हणाले. “अगं, मी चिमूट म्हणालो होतो. आता हे फिक्स झालं.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एरवी अशा वेळी ताईंनी त्यांना जे ऐकवलं असतं ते ऐकायची फोटोवाल्यांची पूर्ण तयारी होती. मान खाली घालून ते थोडा वेळ वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. शिव्या न मिळाल्यामुळे त्यांना अपराध झाल्यासारखं जास्तच वाटलं.

“हलू नकोस. ओढू नकोस, कातडी येईल बरोबर. मी ओल्या फडक्याने कडेपासून सोडवतो. वेळ लागेल, पण निघेल. भिजत ठेवायचं आधी.”

त्यांनी ताईंच्या चेहऱ्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं पसरलं. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा. फोटोवाल्यांनी घेतला.

“अगं, आईला बोलता येणार नाही. तिच्या तोंडावर लेप आहे... नाही, नाही, तुझ्यावर रागावलेली नाही. लेप आहे... नाही, मानसुद्धा हलवता येत नाही... बरं, सांगतो.” फोन ठेवून ते म्हणाले, “नंतर करते म्हणाली.”

मग शेजारीण आली. तिला तिच्या सुनेबद्दल काही सांगायचं होतं, जे ती रोज सांगत असे आणि ऐकून ताईंचे कान किटले होते. “तोंडावर लेप आहे,” फोटोवाले दारातूनच म्हणाले. शेजारीण म्हणाली, “असू दे, मी बोलते, त्या ऐकतील.” फोटोवाले म्हणाले, “हुंकार देता येणार नाही.” शेजारणीने थोडा विचार केला आणि ती गेली. हुंकाराशिवाय सुनेबद्दल बोलण्यात काही अर्थ नसतो.

खोलीत शांतता झाली. पंखा फिरत होता. फडक्याखाली अंधार होता आणि ओल होती. कोणी काही विचारत नव्हतं. किल्ल्या कुठे, गोळी घेतलीस का, गॅस बंद केला का, शनिवारी काय ठरलं. विचारून उपयोगच नव्हता. ताईंच्या लक्षात आलं की आपण काही उत्तर तयार करत नाही आहोत. भर दुपारी, धंद्याच्या खुर्चीत, चेहरा फिक्स झालेल्या अवस्थेत त्यांना झोप लागली. ती साधीसुधी झोप नव्हती. दगड पाण्यात जातो तशी ती झोप होती.

उन्हं कलली तेव्हा लेप सुटला. फोटोवाल्यांनी जुन्या निगेटिव्हचा थर सोडवावा तसा एकेक कोपरा ओला करत, फुंकर घालत तो उचलला. कपाळ आलं, गाल आले. डाव्या भुवईचा शेवटचा अर्धा भागही आला, पण त्याला इलाज नव्हता. चेहरा उकडलेल्या बीटासारखा लाल झाला होता. ताईंनी आरशात बघितलं. झोप लागण्याआधी तयार करून ठेवलेल्या शिव्या आता मोकळ्या झालेल्या तोंडाने द्यायच्या होत्या. पण झोप इतकी चांगली झाली होती, की रागाला धार येईना.

“उद्या देते,” त्या म्हणाल्या.

“चालेल,” फोटोवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई आल्या. या ताईंच्या जुन्या गिऱ्हाईक. शाळेत गणित शिकवत, आणि क्लिनिकच्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण त्या मशीनने काय सिद्ध होतं ते कुणी त्यांना पायऱ्या लिहून दाखवलं नव्हतं. त्या भुवया करायला आल्या होत्या. ताईंची भुवई बघून त्या दारातच थबकल्या.

“ताई, हे काय? स्वतःचीच अर्धी?”

ताईंच्या अंगात खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. जिलेटिन, चिमूट, चमचा. गणिताच्या बाई ऐकत होत्या. कातडी, लव, काळे ठिपके यांत त्यांना काडीचा रस दिसला नाही. मध्येच त्यांनी हात वर केला.

“एक मिनिट. म्हणजे तेवढा वेळ तुम्हाला कोणाशीही बोलता येत नव्हतं?”

“एक शब्द नाही.”

“आणि कोणी राग मानला नाही?”

“काय मानणार? तोंडावर लेप.”

गणिताच्या बाई खुर्चीत बसल्या. दिवसभर चार वर्गांत बोलून त्यांचा आवाज खरवडल्यासारखा झाला होता, आणि घरी दोन माणसं त्यांची वाट बघत होती. बोलायला. त्यांनी पर्समधून फोन काढून ताईंच्या हातात दिला.

“मला लावा. तुरटी सोडून.”

ताईंनी लावला. साधा, कोमट, पातळ थर. पंखा खुर्चीकडे वळवला, त्यामुळे या वेळी घसरला नाही. डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि सवयीने म्हणाल्या, “बोलायचं नाही हं, हसायचं नाही, चेहऱ्याला चिरा पडतील.” बाईंचा फोन वाजला तेव्हा ताईंनीच उचलून सांगितलं, “त्यांना बोलता येणार नाही. तोंडावर लेप आहे.” पलीकडच्या माणसाने “बरं बरं” म्हणून घाईघाईने फोन ठेवला. या वाक्याला उलटा प्रश्न विचारायची कोणाची हिंमतच होत नाही, हे ताईंच्या ध्यानात आलं. ‘मी दमलेय’ म्हटलं की लोक ‘कशाने?’ म्हणतात. ‘लेप आहे’ म्हटलं की ऐकतात.

लेप हनुवटीपासून वर, अलगद सोलून निघाला. बाईंनी आरशात निरखून पाहिलं.

“फरक?” ताईंनी विचारलं.

“चेहऱ्यात? शून्य.” बाई उठल्या, पुन्हा एकदा आरशात बघितलं आणि म्हणाल्या, “परवा येते. आमच्या चित्रकलेच्या बाईंना पण आणते. त्यांच्या घरी सासरे आहेत.”

त्या आल्या. आणखी एक-दोघी आल्या. पण शनिवारी शाळेत पालकसभा निघाली आणि सगळ्या तिकडे अडकल्या. ऐन वेळी घोडं अडावं ते असं.

दुपारी लेक आली. काखेत एक, बोटाला एक, खांद्यावर पिशवी आणि पिशवीवर आणखी एक पिशवी. आत येताच तिने दोन्ही मुलं जमिनीवर सोडली. ती सांगितल्याप्रमाणे दोन दिशांना गेली. लेकीने खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती आणि रिकामी असल्याचं लपवतही नव्हती.

“आई,” ती म्हणाली.

“बघितलं मी,” ताई म्हणाल्या.

“बॅग?”

“भरली नाही.”

“आई, ठरलं होतं ना आपलं? आणि हे भुवईला काय केलंस? बाबा, तुमचं लक्ष कुठे असतं हो? एक बाई सांभाळता येत नाही?”

“चिमूटभर म्हणालो होतो मी,” फोटोवाले म्हणाले. एका नातवाने तोवर त्यांचा पाय आणि दुसऱ्याने कॅमेऱ्याचा पट्टा धरला होता.

लेक बोलत होती. डॉक्टर, दूध, रात्री कोण किती वाजता उठतं, जावई ऑफिसातून कधी येतात आणि आल्यावर काय शोधतात. ताई ऐकत नव्हत्या. ताईंचे डोळे धंद्याचे होते. ते लेकीच्या चेहऱ्यावर फिरत होते. डोळ्यांखाली काजळ न घालता काळं, कपाळावर एक उभी आठी, जी मागच्या वेळी नव्हती, ओठांच्या कडा चिरलेल्या. ही न्यायला आलेली नव्हती. ही बुडत होती आणि हाताला लागेल ते धरायला आली होती. हाताला आई लागली, एवढंच. आईने हात द्यायचा, तर आईचाच हात आता पाण्याखाली होता.

“बस,” ताई म्हणाल्या.

“बसायला वेळ कुठे आहे, आई? संध्याकाळच्या आत...”

“बस म्हटलं ना. चेहरा बघ काय झालाय. या तोंडाने मला नेणार? लोक म्हणतील, कुणी कुणाला नेलं.”

लेक बसली, कारण पाय बसायलाच टपले होते. ताईंनी गार पाण्यात जिलेटिन टाकलं, ते फुगलं, वाटी गरम पाण्यावर धरली. लेक म्हणत होती, “आई, हे थोतांड आहे. मी वाचलंय. जिलेटिन कातडीच्या आत जातच नाही, वरच राहतं.”

“माहितेय. आत जायला नाहीच लावत मी. आता गप्प.”

ब्रश कपाळावरून फिरला. आठी होती त्या जागी ताईंनी तो जरा जास्त वेळ फिरवला. मग गाल, नाक, हनुवटी. डोळ्यांवर ओला कापूस. लेक काही म्हणायला गेली, पण चेहऱ्याला चिरा पडतील म्हणून थांबली. आणि थांबल्यावर तिची मान हळूच एका बाजूला कलली.

मागच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग फोटोवाल्यांचा आवाज आला, “नाही, नाही, ते तोंडात नाही घालायचं.” मग दुसरं काहीतरी पडलं. ताईंनी मधलं दार ओढून घेतलं.

लेकीचा फोन वाजला. ताईंनी घेतला. जावई होते.

“आई, ती कुठे आहे? मुलांच्या टोप्यांचं कपाट कुठलं? आणि प्रेशर कुकरची रिंग?”

“जावईबापू, तिला बोलता येणार नाही. तोंडावर लेप आहे.”

“दोनच मिनिटं द्या ना.”

“चेहरा फाटेल,” ताई गंभीरपणे म्हणाल्या.

“अरे बापरे. नको, नको. बघतो मी.”

“बघा,” ताई म्हणाल्या आणि फोन टॉवेलांच्या घडीत खुपसून ठेवला.

लेप कधीच वाळला होता. ताईंनी तो काढला नाही. त्या बेसिनच्या कडेला स्टूल घेऊन बसल्या आणि लेकीचा श्वास ऐकत राहिल्या. लहानपणी ही झोपायला फार त्रास द्यायची. ताई तेव्हाही दमलेल्याच असायच्या, पण तेव्हा त्याला काही नाव नव्हतं.

लेक स्वतःच जागी झाली. आपण कुठे आहोत हे तिला आधी कळेना. ताईंनी लेप सोलला. लेकीने आरशात बघितलं, बोटाने गाल दाबला, डोळ्यांखाली बघितलं.

“आई, काहीच फरक नाही.”

“नाही.”

“मग लोक कशाला येतात?”

ताईंनी ब्रश बेसिनच्या नळाखाली धरला. लेकीने हात लांबवून पिशव्या उचलल्या, परत खाली ठेवल्या. मग आरशातल्या आईला विचारलं, “पुढच्या शनिवारी ही खुर्ची कोणी धरलीय का?”

“दुपारची नाही.”

“मग मी धरते. मुलांना घेऊन येते. बाबा बघतील तेवढा वेळ.”

“आणि बॅगेचं काय?” ताईंनी विचारलं. आवाज सरळ ठेवायला त्यांना बरीच मेहनत पडली. “ठरलं होतं ना, खुर्चीत कोणी बसलेलं दिसलं तर विषय बंद?”

लेकीने खुर्चीकडे बघितलं. ती अजून तिच्यातच बसलेली होती.

“दिसलं,” ती म्हणाली. “तू कुठली ऐकणार आहेस म्हणा.” आणि बऱ्याच दिवसांनी हसली. कपाळावरची आठी होती तिथेच होती, पण तिला आता जरा जागा मिळाली होती.

मधलं दार उघडलं. फोटोवाले बाहेर आले. एका हातात एक नातू, दुसऱ्या हातात दुसरा, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा, कॅमेरा कुठे आहे याचा पत्ता नाही, आणि चष्म्याची एक काडी वाकलेली. त्यांनी खुर्चीकडे, वाटीकडे, तळाशी उरलेल्या जिलेटिनकडे आशेने बघितलं.

“अगं,” ते म्हणाले, “माझ्या तोंडावर लाव ना थोडं.”

“लावते,” ताई म्हणाल्या. “तुरटी घालू का?”

फोटोवाल्यांनी एका नातवाकडे बघितलं. मग दुसऱ्याकडे बघितलं.

“घाल,” ते म्हणाले. “चमचाभर घाल.”